हातभर भिंत आणि बांगडीएवढा सडा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पर्वरीला राहता, जंगलात जायला सवड नाही, पण आजूबाजूचं बारीकसारीक बघायची हौस आहे. पावसात दोनदा सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जाऊन आलात, तर गवत आणि चिखल याशिवाय काही दिसलं नाही. घराच्या चिऱ्याच्या (कापलेल्या जांभ्याच्या) कुंपणावर शेवाळ आहे, तेही ‘हिरवं काहीतरी’ एवढंच कळतं. तर काय, कुठं, कधी आणि कसं बघायचं? शिवाय घरचे म्हणतात, मे महिन्यात भिंत अ‍ॅसिडनं घासून रंगवून घेऊ, नाहीतर शेवाळ चिरे खाऊन टाकेल. हे खरं का?

भिंतीचा निकाल शेवटी लावू. आधी बघण्याचं.

गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे दगडावर, भिंतीवर, माडाच्या सालीवर जे इवलंसं जगतं त्याला चार महिने पाण्यात बुडून काढायचे असतात आणि आठ महिने तहानेनं. ज्यानं त्यानं हा हिशेब आपापल्या परीनं जुळवलेला आहे. फूल छान आहे हे कळायला कुणाची मदत लागत नाही. हेच झाड वैशाखात कुठं असतं आणि कोणत्या रूपात असतं, एवढं विचारायची सवय लावा. मग ‘गवत’ वेगवेगळं दिसायला लागतं.

सामान फार नको, पण एक वस्तू नीट निवडा: 10 पटीचं घडीचं हातभिंग, सोनार वापरतात तसलं. बाजारात 30 पट, 40 पट लिहिलेली स्वस्त भिंगं ढिगानं मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. पट वाढली की वस्तूपासूनचं अंतर कमी होतं. 10 पटीला साधारण अडीच सेंटिमीटर अंतर मिळतं, 20 पटीला सव्वा. सव्वा सेंटिमीटरवर तुमच्याच कपाळाची सावली वस्तूवर पडते, दिसणारी जागा तांदळाच्या दाण्याएवढी होते आणि हात जरा हलला की सगळं गायब.

भिंग धरण्यातही बहुतेक लोक चुकतात. वर्तमानपत्र वाचायला धरतात तसं ते वस्तूजवळ धरतात आणि डोकं हातभर लांब ठेवतात. भिंग डोळ्याला भिडवा, चष्मा असेल तर चष्म्याच्या काचेला. अंगठा गालावर टेकवा. मग वस्तू तरी डोळ्याकडे आणा किंवा स्वतः वाकत वाकत वस्तूकडे जा, स्पष्ट दिसलं की थांबा. दुसरा डोळा मिटू नका, पाच मिनिटांत दुखायला लागतो. उजेड बाजूनं येऊ द्या, पाठीमागून आलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं.

याशिवाय पाण्याची फवारणीची बाटली, पेन्सिल (ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही), गुडघ्याखाली टाकायला रिकामं पोतं, आणि एक प्लॅस्टिकची बांगडी. बांगडी थट्टेनं सांगत नाही. सड्यावर उभं राहून नजर टाकली की ती एका जागी ठरत नाही. बांगडी खाली टाका आणि तिच्या आत जेवढं आहे तेवढंच दहा मिनिटं बघा. पानाचे किती प्रकार, किती फुललेले, किती वाळलेले, जमीन दिसते का, तिच्यावर काय हलतंय. ऑगस्टमध्ये चांगल्या जागी सहा सेंटिमीटर रुंदीच्या त्या वर्तुळात चार-पाच जातींची झाडं सहज निघतात.

आता घरची भिंत. ती रोज समोर असते, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

कुंपणाच्या सगळ्या बाजू सारख्या नसतात. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण-पश्चिमेकडची तोंडं जास्त भिजतात. पण गोव्याच्या अक्षांशावर मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उरलेलं सगळं वर्ष दक्षिणेला. पाऊस सरल्यावर दक्षिणेकडचं तोंड तापतं, उत्तरेकडचं सावलीत राहतं. म्हणून उत्तरेची बाजू निवडा, तिथली हिरवळ बरीच पुढंपर्यंत टिकते. यंत्रानं कापलेल्या चिऱ्यावर करवतीच्या सरळ रेघा असतात, हातानं घडवलेल्या जुन्या चिऱ्यावर हत्याराचे खळगे. खळग्यात धूळ आणि ओल धरते, त्यामुळे जुनी भिंत बघायला केव्हाही श्रीमंत.

‘शेवाळ’ हा एकच शब्द आपण निदान पाच वेगळ्या जिवांना लावतो, गोंधळ तिथं सुरू होतो. पाय घसरवणारा हिरवा बुळबुळीत थर हा एकपेशीय आणि धाग्यांसारख्या शैवालांचा. भिंतीच्या माथ्यावर उन्हाळ्यात डांबर फासल्यासारखा दिसणारा काळा थर हा निळ्या-हिरव्या जिवाणूंचा, हे प्रकाशावर अन्न करतात आणि काळेपणा हे त्यांचं उन्हापासूनचं छत्र. मखमलीसारख्या गाद्या दिसतात ते खरं शेवाळ, इंग्रजीत ज्याला मॉस म्हणतात ते. भिंतीच्या पायाशी चपट्या, फाटे फुटलेल्या हिरव्या पट्ट्या चिकटलेल्या असतात ते लिव्हरवर्ट. आणि करडे-पांढरे, कडा स्पष्ट असलेले डाग म्हणजे दगडफूल, मसाल्यात पडतं त्याच्याच गटातलं. दगडफूल हे एक झाड नव्हे, बुरशी आणि शैवाल यांचा तो भागीदारीतला संसार आहे. बुरशी घर बांधते आणि ओल धरते, शैवाल उन्हावर स्वयंपाक करतं.

सहावा प्रकार बहुतेकांना फसवतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर किंवा झाडाच्या सालीवर नारिंगी-तांबूस पट्टे दिसतात आणि लोक म्हणतात चिऱ्याचा गंज उतरला. भिंगातून बघा. गंज सपाट दिसतो, हे पट्टे लोकरीसारखे दिसतील. हे ट्रेंटिपोलिया नावाचं शैवाल. जातीनं हिरवं, पण गाजरात असतं तसलं नारिंगी द्रव्य पेशीत भरून ठेवतं, त्यात हिरवा रंग बुडून जातो. 2001 साली केरळात तांबडा पाऊस पडला तेव्हा उल्कांपासून परग्रहापर्यंत सगळ्या गप्पा झाल्या, पण त्या पाण्यात सापडले ते याच शैवालाचे बीजाणू.

मखमली शेवाळावर जरा जास्त वेळ घालवा. भिंतीवर सर्रास सापडणारी हायोफिला ही जात मार्चमध्ये बघितली तर तपकिरी भुसा वाटते. भिंगाखाली दिसेल की प्रत्येक पान दोन्ही कडांनी आत वळून सुरळी झालेलं आहे. रुपयाएवढ्या तुकड्यावर दोनदा फवारा मारा आणि भिंग न हलवता बघत राहा. अर्ध्या-एक मिनिटात सुरळ्या उलगडतात, पानं बाहेर फाकतात आणि भुशाच्या जागी हिरव्या चांदण्या उभ्या राहतात. उघड्या डोळ्यांनी नुसता रंग बदललेला कळतो, उलगडणं भिंगातूनच दिसतं.

हे होतं कसं, तर या शेवाळाला पाणी पिणारी मुळं नाहीत. तळाशी असतात ते धरून ठेवणारे धागे. पान बहुतेक ठिकाणी एका पेशीएवढंच जाड, वर मेणाचा जाडसर लेप नाही, त्यामुळे पाणी थेट पानातून आत येतं आणि तितक्याच सहज बाहेर जातं. निवडुंग पाणी साठवतो, वड खोलवर मुळं नेतो. शेवाळ यातलं काहीच करत नाही. वाळायचं तेव्हा ते पूर्ण वाळतं, पेशीतलं कामकाज बंद ठेवून पडून राहतं आणि पाणी आलं की तिथूनच पुढं चालू.

इथं हौशी माणसाकडून एक नुकसान हटकून होतं. चमत्कार आवडतो म्हणून तो उन्हाळ्यात रोज पाहुण्यांना फवारा मारून दाखवतो आणि एप्रिलअखेर तो तुकडा मरतो. प्रत्येक वेळी भिजलं की शेवाळाला आधी वाळण्यात झालेली मोडतोड दुरुस्त करावी लागते, त्यात साठवलेली साखर खर्च होते. नंतर काही तास ओल आणि उजेड मिळाला तर खर्च भरून निघतो. पाच मिनिटांत पुन्हा वाळलं तर खर्च झाला, कमाई नाही. असं वीस वेळा केलं की दिवाळं. म्हणून एका तुकड्यावर हंगामात एकदाच, तेही संध्याकाळी, म्हणजे रात्रभर ओल राहील आणि सकाळचा कोवळा उजेड मिळेल.

पावसाळ्यात याच गाद्यांवर केसासारख्या दांड्या उभ्या राहतात, टोकाला बोंड. बोंडावर टोपी असते, आत बीजाणू. टोपी पडलेलं बोंड सापडलं तर तोंडाशी बघा. कित्येक जातींत तिथं बारीक दातांचं कडं असतं आणि हवेतल्या ओलीनुसार ते दात हलतात. भिंगातून बघताना तोंडानं हळूच वाफ सोडली तर हालचाल दिसते. हायोफिलाच्या बोंडाला मात्र दात नसतात, तेव्हा दिसले नाहीत तर भिंगाला दोष देऊ नका.

भिंतीच्या पायाशी ओल्या जागेत बारीक, रसाळ पानांचं एक रोपटं असतं, पिलिया. आपल्याकडचं नव्हे, अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेलं, पण आता प्रत्येक कुंडीत आणि गटाराच्या कडेला. सकाळी उन्हात त्यावर पाणी मारा आणि मागं काळं कापड धरून थांबा. नरफुलांचे ताणून धरलेले पुंकेसर फटकन सुटतात आणि परागाचा धूर उडतो, अगदी छोट्या तोफेसारखा.

चुन्याच्या सांध्यात शिडीसारख्या लांब पानांचं नेचं दिसलं तर ते टेरिस. त्याला चुना मानवतो म्हणून जुन्या भिंती त्याला प्याऱ्या. ते जमिनीतलं आर्सेनिक प्रचंड प्रमाणात पानात साठवतं, हे 2001 साली प्रसिद्ध झालं. म्हणून खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतल्या) आकुराची, त्या दुसऱ्या नेच्याची, भाजी होते तशी याची करायला जाऊ नका.

भिंतीवरून झाडाकडे वळा. माड आणि पोफळीच्या खोडावरचे पांढरट पट्टे म्हणजे चुना नव्हे, तीही दगडफुलंच. त्यातल्या ग्राफिस नावाच्या गटाकडे भिंगातून बघा. पांढऱ्या पाटीवर कुणीतरी काळ्या शाईनं घाईघाईत मोडी लिहावी तशा रेघा दिसतील. त्या रेघा म्हणजे बुरशीच्या फळांच्या चिरा, बीजाणू तिथून सुटतात. ही मंडळी वर्षाला जेमतेम मिलिमीटरच्या हिशेबात वाढतात. एक काम सुचवतो: पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद एका डागावर धरा, कायम शाईच्या पेनानं कड गिरवा, तारीख घाला, आणि खोडावर जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या दिशेला हे लिहून ठेवा. दरवर्षी संवसर पाडव्याला (गुढीपाडव्याला) तोच कागद त्याच जागी. पहिल्या वर्षी फरक दिसणार नाही, तिसऱ्या वर्षी दिसेल.

आंब्या-काजूवर तांबड्या हुमल्यांची रांग असेल तर तिच्यातली एखादी ‘मुंगी’ जरा वेगळी चालते का बघा. या मुंग्यांचं सोंग घेणारा एक कोळी आहे, रंग तोच, कमर तशीच, पुढचे दोन पाय तो मिशांसारखे हवेत हलवतो. पाय मोजले तर आठ भरतात, पण चालत्या रांगेत ते जमत नाही. सोपी खूण ही की पानाला टिचकी मारल्यावर जो धाग्यावर लोंबकळतो तो कोळी. हुमला पडेल किंवा चावेल, लोंबकळणार नाही.

आता सडा, म्हणजे तुमची खरी अडचण. जांभ्याचं हे पठार म्हणजे लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांचं भोकाभोकांचं कवच. ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानननं 1807 साली दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून, कारण मलबारात लोक तो कापून विटांसारखा वापरत होते. कवचावर माती बोटभर, कुठं तेवढीही नाही. त्यात नत्र आणि स्फुरद अगदी कमी. एप्रिलमध्ये त्या दगडावर हात ठेववत नाही आणि जुलैत तोच दगड तळं झालेला असतो. म्हणून इथं मोठं झाड तग धरत नाही आणि बुटक्यांना रान मोकळं मिळतं.

तुम्हाला गवतच दिसलं याची दोन कारणं असावीत, महिना आणि उंची. जूनमध्ये सड्यावर बहुतेक पानंच असतात. काळ्या मुसळीची जमिनीलगतची पिवळी फुलं तेव्हा मिळतात, तीही गवत बाजूला सारून. मुख्य बहर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत, चतुर्थीच्या आगेमागे. पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत सगळं वाळून जातं, म्हणून ‘दिवाळीच्या सुटीत जाऊ’ म्हणणाऱ्याला काही मिळत नाही. आणि ही फुलं सेंटिमीटरभराची, दांडी वीतभर. पाच फुटांवरून ती गवतातला निळसर धूर वाटतात.

जागा निवडताना मोकळा विस्तार बघू नका, कोंडी बघा. कवचात दोन-तीन मीटर रुंदीचा उथळ खळगा, ज्यात पाणी साचून हळूहळू झिरपतं. कडेला पोतं टाकून गुडघे टेका आणि बाहेरून आत वाचत जा. अगदी बाहेर उघडा दगड, त्यावर काळा थर आणि शेवाळ. मग जिथं नखभर माती सुरू होते तिथं निळवंती आणि तिची भावंडं. त्यांचं फूल एका दिवसाचं, आणि प्रत्येक जातीची उघडायची वेळ वेगळी: काही सकाळी उघडून दुपारी मिटतात, काही दुपारीच उघडतात. सकाळी आठला ‘फुलं नाहीत’ असं वहीत लिहिण्याआधी अकराला आणि दुपारी परत बघा. त्याच्या आत माती सतत भिजलेली, तिथं जांभळ्या-निळ्या रंगाचं वर्तुळ, सीतेची आसवं. आणखी आत पाणी घोट्याखाली, तिथं गेंद, टाचणीच्या डोक्यासारखे पांढरे. मधोमध पाण्यातल्या वनस्पती. तीन मीटरांत पाण्याची खोली किती सेंटिमीटर बदलते एवढ्यावर कोण कुठं बसणार ते ठरलेलं असतं. एकदा ही वर्तुळं ओळखता आली की पुढच्या कोंडीत न बघताही सांगता येतं.

गेंदाचं एक डोकं भिंगाखाली धरा, उपटून नव्हे, दांडी बोटांत हलकेच वाकवून. एक फूल वाटतं त्यात नर-मादी मिळून डझनावारी फुलं असतात आणि पांढऱ्यात काळे ठिपके दिसतात ते परागकोश. तिळाच्या लाडवावर मुंग्यांची डोकी डकवावीत तसं काहीसं.

सीतेच्या आसवांना खरं मूळ नाही. जमिनीत जे धागे जातात त्यांवर मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकत राहतो, भिंती आत ओढल्या जातात, दार घट्ट बंद. मातीतल्या पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दाराला लागला की दार आत उघडतं, पाण्यासकट तो ओढला जातो आणि दार मिटतं, सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. हे बघायला झाड उपटायची गरज नाही. कोंडीच्या कडेला पावसानं माती खचलेली असते तिथं उघडे पडलेले धागे सापडतात. बशीत चमचाभर पाणी घेऊन त्यात धुवा, भिंगातून फुगे दिसतील. पकड मात्र दिसणार नाही, डोळ्याच्या वेगाबाहेरची आहे.

दवबिंदू हे दुसरं शिकारी झाड शोधायची युक्ती अशी: पाऊस उघडलेल्या दिवशी अकराच्या सुमारास जा. तोवर गवतावरचं खरं दव उडालेलं असतं. ज्यावर अजून थेंब चमकतायत ते दवबिंदू. सूर्य समोर घेऊन, गाल जवळजवळ जमिनीला लावून बघा. प्रत्येक तांबड्या केसाच्या टोकाला चिकट थेंब, त्यात चिलटं अडकलेली, आणि जवळचे केस त्यांच्याकडे वळलेले. त्याला मुंगी भरवून बघायचा मोह आवरा. पेलणार नाही एवढी शिकार पानावर पडली की ती पचण्याआधी कुजते आणि पानही कुजतं.

ही दोन्ही झाडं शिकार करतात ती पोटभर जेवण म्हणून नव्हे. अन्न ती उन्हावरच बनवतात. मातीत नसलेलं नत्र आणि स्फुरद मिळवायची ही वाट आहे. वैशाखात दोन्ही असतात बियांच्या रूपात, कवचाच्या भेगांत आणि त्याच कोंडीच्या तळाशी. म्हणून मातीचा एक ट्रक कोंडीत ओतला की पुढचं कितीही पाणी आलं तरी तिथं पुन्हा काही उगवत नाही, गवत आणि रानमोडी सोडून. मोपाच्या पठारावर आता विमानतळ आहे, पर्वरीच्या सड्यावर तुमच्याआमच्या वसाहती आहेत. उरलेल्या तुकड्यांत चालताना पाय उघड्या दगडावरच ठेवा. मऊ थरात टाच एकदा रुतली की दोन सेंटिमीटरचा खड्डा पडतो, त्यात पाणी उभं राहतं आणि त्या हंगामापुरती ती जागा गेली.

दगडावरचा काळा ओला थर तेलासारखा असतो. रबरी चपला घालून त्यावर जाऊ नका, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घाला. सुटे दगड उलटू नका, खाली फुरसं किंवा विंचू असू शकतो, आणि ते नसले तरी कुणाची तरी ओलीची जागा असतेच. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात दुपारी ढग गडगडायला लागले की उघड्या सड्यावर उंच वस्तू तुम्हीच असता, छत्री मिटून सरळ घर गाठा.

अशी बारीक नजर इथं नवी नव्हे. श्रावणातल्या आयतारांच्या (रविवारांच्या) पूजेला पत्री गोळा करणाऱ्या बायका आणि माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला, कांगले, कवंडळं ही रानफळं शोधून आणणारी माणसं हेच करत आली आहेत. नावं त्यांना विचारा. पेडण्यात आणि काणकोणात एकाच झाडाची नावं वेगळी निघतील, म्हणून नावासोबत गावही लिहा. आणि काही गोष्टी त्यांच्याही नजरेतून सुटलेल्या असतात: सत्तरीतल्या सुर्लच्या पठारावरच्या एका बेडकाचं शास्त्रीय वर्णन 2018 साली झालं, नाव ठेवलं ‘गोएमची’, म्हणजे गोव्याचीच.

अळम्यांबद्दलही सांगायला हवं, कारण त्या आपण फक्त ताटात बघतो. रोयणीवरची (वारुळावरची) अळमी वाळवीनं घरात लावलेल्या बुरशीच्या बागेतून येते. सातेरी म्हणून जिची पूजा होते त्याच वारुळाच्या पोटातली ही शेती. अळमीची दांडी जमिनीत खोलवर जाते, टोपीच्या मध्यभागी कडक टोक असतं, त्यानं ती माती फोडून वर येते. भिंगानं ते टोक बघा, हाताला खिळ्यासारखं लागतं. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून तिची शेती जमलेली नाही. सगळ्या कळ्याच खुडल्या तर बीजाणू उडायचे कुठून? दर रोयणीवर निदान काही टोप्या पूर्ण उघडू द्याव्यात. अभयारण्यात मात्र हातच लावायचा नाही.

बहर संपला म्हणून भिंग कपाटात ठेवू नका. डिसेंबरनंतर सडा जळाल्यासारखा दिसतो तेव्हा दगडाच्या भेगेतून भुईगेंद फुलतो. जमिनीला चिकटलेले काटेरी गोळे, त्यांतून एकेक इवलं फूल डोकावतं. पाण्याच्या हिशेबात हा सगळ्यांच्या उलट चालतो, मुळं भेगेत खोल आणि फुलायची वेळ परागीकरणाची गर्दी संपल्यावर. आणि आंब्याच्या फांदीवरचं बाशिंग नावाचं नेचं बघा. त्याची हिरवी पानं उन्हाळ्यात गळतात, पण तपकिरी, कडक, ओकाच्या पानासारखी दुसरी पानं फांदीला कवटाळून राहतात. लोक त्यांना मेलेली समजून ओढून काढतात. ती झाडाची टोपली आहे, पडलेला पालापाचोळा त्यात साठतो, कुजतो आणि जूनमध्ये तेच खत.

आता भिंत. मखमली शेवाळ आणि दगडफूल कुंपणाची भिंत खात नाही. दगडफुलाची आम्लं दगड झिजवतात हे खरं, पण कुंपणाच्या आयुष्यात तो परिणाम नगण्य. अ‍ॅसिड मात्र सांध्यातला चुना आणि सिमेंट त्याच दिवशी खातं आणि चिऱ्याच्या भोकांत शिरून पुढंही काम करत राहतं. वर ऑइलपेंट मारलात तर चिऱ्यातली ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात. पायऱ्या आणि पायवाट तेवढी घासा, तिथं घसरून हाड मोडेल: काथ्याचा किंवा ताठ ब्रश, साधं पाणी, पावसाच्या मध्यावर दर पंधरा दिवसांनी. भिंतीला धोका आहे तो पिंपळ आणि वडाच्या रोपांचा. ती चार पानांची असतानाच, भिंत पूर्ण भिजलेली असताना, बुंध्याशी धरून हळूहळू ओढा, मूळ सगळं येतं. वीतभर वाढल्यावर नुसतं वरून छाटलं तर मूळ आत जाड होत जातं आणि चिरे फाकवतं. ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा भिंतीचा माथा आणि सांधे तपासले की पुरे.